राजयक्ष्मा : दाटीचा, भुकेचा आणि औषधाचा इतिहास

मानवजातीला ज्या व्याधींनी हजारो वर्षे छळले, त्यांत क्षयरोगाचे स्थान अग्रभागी आहे. आपल्या प्राचीन वैद्यांनी त्याला ‘राजयक्ष्मा’ म्हणजे रोगांचा राजा असे नाव दिले. चरकसंहितेत या रोगाची चार कारणे सांगितली आहेत : शक्तीबाहेरचे श्रम, वेगांचा अवरोध, धातूंची झीज आणि विषम आहार. जंतू ही वस्तू ज्यांना ठाऊक नव्हती, त्या वैद्यांनी श्रम आणि आहार यांवर बोट ठेवले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण पुढील सर्व इतिहास याच दोन शब्दांभोवती फिरतो.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. रोगाचे कारण सापडले, परंतु औषध सापडण्यास आणखी सहा दशके जावी लागली. या मधल्या काळात विद्या, पैसा, प्रतिष्ठा यांपैकी कशाचाही या रोगापुढे उपाय चालत नसे. १८८६ साली फिलाडेल्फिया येथून वैद्यकीय पदवी घेऊन परतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानेच निवर्तल्या. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

तथापि हा रोग सर्वांना सारखाच गाठतो असे मात्र नाही. क्षयाचे जंतू श्वासावाटे शरीरात शिरले, तरी लागण झालेल्या शंभरांपैकी साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधी तरी प्रत्यक्ष रोग जडतो. बाकीच्यांच्या शरीरात तो निद्रिस्त राहतो. कोणाच्या देहात तो जागा होतो, या प्रश्नाचे उत्तर त्या माणसाचे घर, त्याचे ताट आणि त्याचा धंदा यांत सापडते.

मुंबईचा कापड गिरण्यांचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला आणि पुढील पन्नास वर्षांत कोकण, घाट व देशावरून लाखो हात या शहरात आले. देशभरच्या पेढ्यांवर जो माल विकला गेला, तो त्यांच्याच हातांनी विणला. परंतु हे कामगार राहत कोठे? परळ, लालबाग, गिरगाव येथील चाळींत एकेका खोलीत आठ-दहा जण, पाळीपाळीने एकाच वळकटीवर झोपत. खिडकी असली तरी उजेड नसे. एकाला खोकला झाला की तो सर्वांच्या श्वासात मिसळे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तो याच दाटीची दखल घेऊन. दुखणे हाताबाहेर गेले की कामगार गावी परते. अशा रीतीने रोगही आगगाडी व बोटीने खेड्यापाड्यांत पोचत असे.

त्या काळी ऐपत असणाऱ्यांसाठी सॅनेटोरियमचा मार्ग होता. मोकळी हवा, विश्रांती आणि पौष्टिक अन्न ही त्यांची त्रिसूत्री. भारतातील पहिले असे आरोग्यधाम १९०६ साली अजमेरजवळ तिलोनिया येथे निघाले. पुढे पाचगणी, मदनपल्ली, मिरज अशा ठिकाणी ही परंपरा वाढली. परंतु गरज आणि सोय यांत आकाशपाताळाचे अंतर होते. १९४६ च्या भोर समितीच्या अंदाजानुसार देशात सुमारे पंचवीस लाख क्षयरुग्ण होते, दरवर्षी पाच लाख दगावत होते आणि त्यांच्यासाठी खाटा होत्या अवघ्या सहा हजार.

याच सुमारास औषधे हाती आली. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि १९५२ साली आयसोनियाझिड वापरात आले. आता प्रश्न असा उभा राहिला की, ज्याला खाट मिळणार नाही त्याने काय करावे? याचे उत्तर मद्रास येथे मिळाले. १९५६ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून तेथे एक केंद्र उघडले. डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली शहरातील गरीब वस्त्यांमधील १९३ रुग्ण निवडण्यात आले. त्यांतील काही चिठ्ठी टाकल्याप्रमाणे सॅनेटोरियममध्ये गेले, बाकीचे आपल्याच घरी राहिले. औषध दोघांना एकच. घरच्या रुग्णांना अन्न निकृष्ट, विश्रांती कमी आणि जागा तोकडी होती. तरीही वर्षअखेरीस सॅनेटोरियमच्या रुग्णांपैकी ९२ टक्के आणि घरच्या रुग्णांपैकी ८६ टक्के रोगमुक्तीच्या स्थितीत आढळले. याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे, पुढील पाच वर्षांच्या पाहणीत घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना अधिक बाधा झाल्याचे दिसले नाही. रोग पसरतो तो मुख्यतः औषध सुरू होण्यापूर्वी, हा त्यातील खरा धडा होता. जगभरातील सॅनेटोरियमचे दरवाजे हळूहळू बंद होण्यास मद्रासच्या या कामाने मोठा हातभार लावला.

त्याच दशकात, १९५५ ते १९५८ या काळात, झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने दुसरा एक समज मोडला. क्षय हा शहरांचा रोग आहे असे सर्व जण मानत. प्रत्यक्षात खेड्यांतही तो जवळपास तितकाच आढळला. १९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. १९९० च्या दशकात त्याची पुनर्रचना होऊन आरोग्यसेवकाच्या देखरेखीखाली औषध देण्याची पद्धत आली आणि २००६ पर्यंत ती साऱ्या देशात पोचली.

तरीही रोग हटला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे भारतात दर लाख लोकसंख्येमागे नव्या रुग्णांचे प्रमाण २०१५ साली २३७ होते, ते २०२३ साली १९५ वर आले. घट खरी, पण मंद. याचे कारण अधिक जोखमीच्या समूहांत आहे. रुग्णाच्या घरातील माणसे, कुपोषित, मधुमेही, एचआयव्हीबाधित, धूम्रपान करणारे, दगडखाणींतील व सिलिकाच्या धुळीत काम करणारे कामगार, कैदी, दाट वस्त्यांतील रहिवासी यांना धोका कितीतरी अधिक असतो. मध्य प्रदेशातील सहरिया या आदिवासी जमातीत क्षयाचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या अनेक पट आढळले आहे.

येथे चरकांचा विषमाहार पुन्हा समोर येतो. मद्रासचे ते केंद्र आज राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून चेन्नईत उभे आहे. या संस्थेच्या सहभागाने डॉ. अनुराग व डॉ. माधवी भार्गव यांनी २०१९ ते २०२२ या काळात झारखंडमध्ये एक अभ्यास केला. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरांतील १०,३४५ माणसे त्यात होती. सर्वच रुग्णांना औषधाबरोबर शिधा मिळाला. परंतु निम्म्या भागातील कुटुंबीयांनाही दरमहा तांदूळ, डाळ व जीवनसत्त्वे देण्यात आली. अशा कुटुंबांत क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी झाले आणि फुप्फुसाच्या सांसर्गिक क्षयाचे ४८ टक्क्यांनी. साठ वर्षांपूर्वी मद्रासने सिद्ध केले होते की, निकृष्ट अन्नावरही औषधाने रुग्ण बरा होतो. झारखंडने त्यात भर घातली की, त्याच्या घरातील माणसे आजारीच पडू नयेत यासाठी अन्न लागते. या दोन निष्कर्षांत विरोध नाही. एकाने रुग्णाचा विचार केला, दुसऱ्याने घराचा.

शासनानेही या दिशेने पावले टाकली. २०१८ पासून प्रत्येक रुग्णाला आहारासाठी दरमहा ५०० रुपये देण्यास सुरुवात झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली. सप्टेंबर २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ या योजनेत व्यक्ती, संस्था वा व्यापारी पेढी रुग्णाच्या शिध्याची जबाबदारी स्वीकारू शकते. ७ डिसेंबर २०२४ पासून जोखमीच्या समूहांत शंभर दिवसांची शोधमोहीम झाली. तिची गरजही होती, कारण २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांनी उपचारच घेतले नसल्याचे आढळले होते.

हे लोक गप्प का राहतात? एक कारण गरिबी, दुसरे लज्जा. मुलीची सोयरीक मोडेल, दुकानावर गिऱ्हाईक येणार नाही, शेजारी पाणी घेणार नाहीत, या भीतीने सुस्थितीतील घरांतही ‘जुना खोकला’ म्हणून दुखणे लपविले जाते आणि तेवढ्या आठवड्यांत ते नातवंडांपर्यंत पोचते. दुकानाच्या माळ्यावर दाटीने झोपणारा नोकर खोकत असेल, तर त्याच्याकडे पाहण्यास मालकाला सवड नसते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ताप, वजनातील घट ही लक्षणे दिसताच थुंकीची तपासणी करावी आणि घरातील सर्वांनी प्रतिबंधक उपचाराबाबत वैद्याचा सल्ला घ्यावा. सरकारी केंद्रांत ही तपासणी व औषधे विनामूल्य आहेत.

ज्या रोगाला पूर्वजांनी राजा म्हटले, त्याचे राज्य दाटी, भूक आणि मौन या तीन खांबांवर उभे होते. औषधाने त्याची तटबंदी फोडली. खांब मात्र समाजालाच काढावे लागतील. आणि त्याची सुरुवात स्वतःच्या घरातील व स्वतःच्या दुकानातील खोकल्याकडे लक्ष देण्यापासून होते.