परभणी जिल्ह्यातील नैराश्य आणि शासकीय मदतीची वाटचाल

परभणी जिल्ह्याच्या शेतीचा अलीकडचा इतिहास पाऊस, कापूस, सोयाबीन आणि कर्ज यांच्या हिशेबाने मांडला जातो. शेतकऱ्याच्या मनःस्थितीची शासकीय दखल मात्र फार उशिरा घेतली गेली. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि 1960 मध्ये महाराष्ट्र स्थापन झाल्यावरही राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे, म्हणजे या विभागाबाहेरच राहिली. प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत मानसोपचार नेण्याचे उद्दिष्ट 1982 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने ठेवले खरे, परंतु मदत मागण्याचा भार रुग्णावरच राहिला.

हा भार नैराश्यात सर्वांत जड ठरतो. किमान दोन आठवडे टिकणारी उदासी किंवा कशातच रस न उरणे, त्यासोबत झोप व भूक बिघडणे, थकवा आणि एकाग्रतेचा अभाव, अशा लक्षणसमूहाला वैद्यकशास्त्र नैराश्य म्हणते. त्यात प्रेरणा, म्हणजे श्रमाचे फळ मिळेल या अपेक्षेने कामाला हात घालण्याची शक्ती, क्षीण होते, आणि अनेक पर्याय एकाच वेळी ध्यानात ठेवून त्यांची तुलना करणे अवघड होते. दुबार पेरणी करावी की थांबावे, पीककर्जाचे नवे-जुने केव्हा करावे, पीकविम्याचा अर्ज मुदतीत कसा भरावा, हे निर्णय त्यामुळे रखडतात आणि घरचे लोक या अवस्थेला आळस समजतात.

आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपये देण्याचा शासननिर्णय 23 जानेवारी 2006 रोजी निघाला; त्यातील पात्रतेचे निकष नापिकी, कर्जबाजारीपणा आणि परतफेडीचा तगादा हे होते. आर्थिक कारणे खरीच होती, परंतु ही मदत मृत्यूनंतरची होती. सलग दुष्काळानंतर 2015 मध्ये मराठवाड्यातील आठ आणि विदर्भातील सहा जिल्ह्यांत सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पाने ही दिशा बदलली. आशा, म्हणजे गावातीलच प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ती, घरोघरी जाऊन तणावग्रस्त व्यक्ती ओळखू लागली आणि तिला समुपदेशन व उपचारांकडे पाठवू लागली. त्यानंतर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले, तर ऑक्टोबर 2022 मध्ये टेली-मानस ही 14416 क्रमांकाची विनामूल्य दूरध्वनी समुपदेशन सेवा सुरू झाली.

या वाटचालीत दूरध्वनीपेक्षा आशा कार्यकर्तीची गृहभेट अधिक महत्त्वाची ठरते, कारण जो आजार मदत मागण्याची इच्छाच हिरावून घेतो, त्याच्यावरील उपचाराची सुरुवात रुग्णाच्या अर्जावर अवलंबून ठेवता येत नाही.