मनीऑर्डरीची दोन टोके

आंबोली घाट उतरला की आपल्या बेळगावकरांचे कोकण सुरू होते. सीमाभागातील कितीतरी घरांची सोयरीक घाटाखाली आहे. म्हणून २०११ च्या जनगणनेतील एक नोंद आपण तरी बारकाईने वाचायला हवी. २००१ पासूनच्या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सोळा टक्क्यांनी वाढली; रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची मात्र घटली. रत्नागिरीत १६,९६,७७७ माणसे होती, ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गात ८,६८,८२५ ची ८,४९,६५१ झाली. युद्ध नाही, साथ नाही, दुष्काळ नाही, आणि लाखभर माणसे कमी!

मुंबईने कोकण रिकामे केले, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. कोकणी माणूस एकोणिसाव्या शतकापासून गिरण्यांत जात होता, तरी गाव मोडले नाही. कारण जात होता तो एकटा पुरुष. मुंबईत गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत वळकटी टाकण्यापुरती जागा, खाणावळीत जेवण आणि महिन्याकाठी गावी मनीऑर्डर. इकडे म्हातारे आईवडील, बायकोमुले, दोन गुरे आणि भाताचे चार कुणगे. तरवा काढणे, लावणी, कापणी, पोस्टमनची वाट पाहणे, सारे बाईच्या माथी. चाकरमानी शिमग्याला, गणपतीला यायचा आणि हातपाय थकले की कायमचा परतायचा. १९९१ साली रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १२०५ स्त्रिया होत्या. हा आकडा काही जण कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुकासारखे काही दिसत नाही. त्या बायका एकट्या होत्या. पण गाव त्यांच्यावरच उभे होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ही व्यवस्था मुळापासून हलली. गिरणीत न गेलेल्या शिकलेल्या पिढीने डोंबिवली-विरारकडे खोली घेतली आणि बिऱ्हाडच नेले. २०११ साली रत्नागिरीत हजारामागे ११२२ स्त्रिया उरल्या. सिंधुदुर्गात वीस वर्षांत ११३७ च्या १०३६ झाल्या. बाहेरून आलेल्या मजुरांचाही यात थोडा वाटा असेल. तरी बाई गेली की काय होते, हे शाळामास्तराला आधी कळते: पहिलीचा पट खाली येतो. मग एक कुणगा पडीक राहतो, त्यात रान माजते, रानडुकरे येतात आणि शेजाऱ्यालाही भात पिकवणे परवडत नाही. जमीन विकावी, तर सातबारावर वीस नावे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्याच दशकात महाराष्ट्रातला तिसरा एक जिल्हा घटला. तो म्हणजे मुंबई शहर! ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११. लालबाग, परळ, गिरगाव, म्हणजे चाकरमान्यांचेच मुलूख. शेजारचा ठाणे जिल्हा मात्र एक कोटी दहा लाखांवर गेला. मनीऑर्डर जिथून निघे आणि जिथे पोचे, ती दोन्ही टोके एकाच वेळी आटली.

२०२१ ची मोजणी त्या साली झालीच नाही. २०११ ची झाली ती फेब्रुवारीत, दारांना कुलपे असताना. तीच गणपतीच्या दिवसांत झाली असती, तर या दोन जिल्ह्यांचे आकडे वेगळे लागले असते.