यादवगिरीतील एक घर

म्हैसूरचा दसरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना बन्नीमंटप परिचित असतो. विजयादशमीला राजवाड्यातून निघालेली हत्तींची मिरवणूक तेथे विसर्जित होते. बन्नी म्हणजे शमी. या परिसराजवळच्या यादवगिरीत एक दुमजली घर आहे. त्याचा इतिहास प्रशासनाचा अभ्यासक म्हणून मला उद्‌बोधक वाटतो.

मालगुडीचे जनक आर. के. नारायण यांनी 1950च्या दशकाच्या आरंभी हे घर बांधून घेतले. लेखनासाठी आठ खिडक्यांची खोली केली. तिच्यातून चामुंडी टेकडी दिसे. उतारवयात ते चेन्नईला गेले आणि 2001 साली तेथेच निवर्तले. 2011 मध्ये घर पाडण्यास प्रारंभ झाला. वृत्तपत्रांनी आवाज उठविला, शासनाने हस्तक्षेप केला आणि काम थांबले.

परंतु थांबविणे म्हणजे जतन करणे नव्हे. खासगी वास्तू वारसा ठरविली की तिचा लाभ साऱ्या शहराला मिळतो आणि तोटा मात्र एकाच कुटुंबाला सोसावा लागतो. येथे सुमारे 2.4 कोटी रुपये सार्वजनिक निधीतून देऊन घर विकत घेण्यात आले, ही गोष्ट मला न्याय्य वाटते. दुरुस्तीनंतर जुलै 2016 मध्ये ते संग्रहालय म्हणून खुले झाले.

दरम्यान काही कन्नड साहित्यिकांनी आक्षेप घेतला होता: इंग्रजीत लिहिणाऱ्या तमिळ लेखकासाठी हा खर्च का? भाषेच्या अभिमानातून आलेला हा प्रश्न आपण मराठी माणसांनीही समजून घ्यावा. लंडनमध्ये 10, किंग हेन्रीज रोड येथे डॉ. आंबेडकर 1921-22 मध्ये राहिले. ते घर महाराष्ट्र शासनाने 2015 साली विकत घेतले. निवासी घराचे संग्रहालय करण्यास स्थानिक कॅम्डेन कौन्सिलने नकार दिला. अखेर 2020 मध्ये ब्रिटिश सरकारने अनुमती दिली. तेथे आपण परभाषिक होतो.

माझ्या मते घराचा वारसा तेथे घडलेल्या कार्यावरून ठरावा, रहिवाशाच्या मातृभाषेवरून नव्हे. मात्र तो निर्णय, मोबदल्याच्या तरतुदीसह, पहार चालण्यापूर्वी व्हावयास हवा. यादवगिरीत तो भिंती पडू लागल्यानंतर झाला. प्रत्येक घराच्या नशिबी नारायण यांच्याएवढा प्रसिद्ध रहिवासी नसतो.