देवमाशांची वारी आणि लांबलेला आठवडा

आज आपण एका लांबच्या समुद्राचा इतिहास ऐकणार आहोत. यात राजे नाहीत, लढाया नाहीत. एका प्राण्याच्या येण्याजाण्याचा हा इतिहास आहे, आणि त्या येण्याजाण्याच्या तारखा ज्यांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवल्या, त्यांचाही आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला प्रशांत महासागर लागतो. तिथे करडा देवमासा राहतो. ग्रे व्हेल म्हणतात तो हाच. आपल्या अरबी समुद्रात हा नाही. नावात मासा असला तरी हा मासा नव्हे. गाई-म्हशींसारखा पिल्लाला जन्म देणारा, अंगावर पाजणारा आणि श्वास घ्यायला पाण्यावर येणारा हा प्राणी. वाढ पूर्ण झाली की चाळीस-पंचेचाळीस फूट लांब होतो. यांच्यात मादी नरापेक्षा मोठी असते.

उन्हाळ्यात हे देवमासे अलास्का आणि रशिया यांच्या मधल्या बेरिंग आणि चुकची समुद्रात असतात. पाणी गोठायला लागलं की दक्षिणेला निघतात आणि मेक्सिकोमधल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या उथळ, शांत खाड्यांत येतात. अनेक माद्या तिथे बाळंत होतात. वसंतात परत उत्तरेला जायचं. जाऊन-येऊन सुमारे १६,००० ते २०,००० किलोमीटरची ही वारी, आणि तीही दरवर्षी.

आता आपल्या बचत गटातल्या बाईला चटकन समजेल अशी गोष्ट. हा देवमासा वर्षाचं खाणं उन्हाळ्याच्या चार-पाच महिन्यांत उरकतो आणि अंगावर चरबी साठवतो. बाकीचे महिने बहुतेक उपासाचे. मादी बारा-तेरा महिने पोटात पिल्लू वागवते. जन्मलेलं पिल्लू सुमारे पंधरा फूट लांब असतं. आईच्या दुधात निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. प्रवास, बाळंतपण आणि पाजणं, सगळं त्या साठवलेल्या चरबीवर चालतं. उन्हाळ्यात बचत कमी झाली, तर हिवाळ्यात उसनं द्यायला कोणी नाही.

या खाड्यांचा लिखित इतिहास सुरू होतो तो शिकारीपासून. १८५७-५८ च्या हिवाळ्यात चार्ल्स स्कॅमन नावाचा अमेरिकन कप्तान ओहो दे लिएब्रे या खाडीत आपली जहाजं घेऊन शिरला. त्या काळी देवमाशाच्या चरबीच्या तेलावर दिवे जळत, यंत्रांना तेच वंगण लागे. खाडीत माद्या पिल्लांसह होत्या. पिल्लाला धोका दिसला की मादी होडीवर चाल करून यायची, होड्या फोडायची. खलाशांनी तिचं नाव ठेवलं सैतानमासा. पिल्लाला वाचवणाऱ्या आईला सैतान म्हणायचं, हा न्याय आपल्याला काही नवा नाही.

स्कॅमनच्या मागोमाग इतर जहाजं आली आणि थोड्याच वर्षांत खाड्या ओस पडल्या. पण याच स्कॅमनला लिहून ठेवायची सवय होती. देवमासे किनाऱ्यावर कधी दिसतात, माद्या खाडीत कधी येतात, हे त्याने टिपलं. १८७४ मध्ये त्याचं समुद्री प्राण्यांवरचं पुस्तक निघालं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मे हा त्यांचा काळ, अशी नोंद त्यात आहे. मारणाऱ्याच्याच हातची ही नोंद पुढे अभ्यासाच्या कामी आली.

विसाव्या शतकात यांत्रिक जहाजांनी शिकारीचा दुसरा फेरा केला. मग १९३७ च्या आंतरराष्ट्रीय कराराने करड्या देवमाशाच्या व्यापारी शिकारीला बंदी घातली आणि १९४६ च्या करारात ती कायम राहिली. उत्तरेकडच्या आदिवासी समाजांना पोटापुरती शिकार करायची मुभा राहिली. १९७२ मध्ये मेक्सिकोने ओहो दे लिएब्रे खाडी देवमाशांसाठी राखीव केली. त्याच वर्षी शेजारच्या सान इग्नासिओ खाडीत पाचिको मायोराल नावाच्या मच्छीमाराच्या होडीला एक देवमासा येऊन लगटला आणि त्याने हात पुढे करून त्याला स्पर्श केला. तोवर तिथले मच्छीमार या सैतानमाशाला घाबरून लांब राहत. आज त्याच खाडीतली कोळी कुटुंबं हिवाळ्यात पाहुण्यांना होडीतून देवमासे दाखवतात आणि त्यावर घर चालवतात. त्या हंगामात खाडीत मासेमारी बंद असते. देवमासे कधी येतात आणि किती दिवस राहतात, यावर आता त्यांचीही चूल अवलंबून आहे.

आता नोंदवहीकडे वळू. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे गावाच्या दक्षिणेला किनाऱ्यावर उंच कडे आहेत. दक्षिणेला जाणारे देवमासे तिथे किनाऱ्याच्या अगदी जवळून जातात. १९६७ च्या हिवाळ्यापासून, मधली काही वर्षं सोडली तर, सरकारी शास्त्रज्ञ तिथल्या कड्यावर बसून ते मोजत आले आहेत. पाण्यावर फवारा दिसला की वेळ, दिशा आणि किती देवमासे, एवढं लिहायचं. लॉस एंजेलिसजवळच्या टेकडीवर असंच काम स्वयंसेवक करतात. अलिसा शुलमन-जॅनिगर या बाई चाळीस वर्षांहून जास्त काळ ते चालवत आहेत. डिसेंबरपासून मेपर्यंत, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत, पाळ्या लावून.

एका वर्षाच्या नोंदीतून फारसं काही कळत नाही. पण २००१ मध्ये अलिसाबाई, किम शेल्डन आणि त्यांचे एक सहकारी यांनी मागच्या सगळ्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. निम्मे देवमासे कड्यासमोरून गेले तो दिवस कोणता, हे त्यांनी प्रत्येक वर्षासाठी काढलं. १९८० च्या आधी तो दिवस सरासरी ८ जानेवारी होता. त्यानंतर तो १५ जानेवारी झाला. म्हणजे वारी एका आठवड्याने लांबली.

आठवडा म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण दिवस भरलेल्या बाईला एक आठवडा किती असतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. देवमासे उशिरा निघाले, पण पोटातलं पिल्लू काही थांबत नाही. पूर्वी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ, दक्षिणेला जाताना, नुकतं जन्मलेलं पिल्लू क्वचित दिसायचं. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून अशा पिल्लांच्या नोंदी वाढत गेल्या. खाडीत पाणी उबदार आणि शांत असतं. वाटेत लाटा असतात, थंडी असते आणि पिल्लं मारणारे ओर्का असतात. उघड्या समुद्रात बाळंत होणं म्हणजे दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्ये बाळंत होणं.

उशीर का झाला? १९७६-७७ च्या सुमारास उत्तर प्रशांत महासागराच्या पाण्याची तऱ्हा बदलली आणि अलास्काकडचं पाणी ऊबदार झालं. वारी लांबली ती त्याच सुमारास. पुढे पृथ्वीच्या तापण्याने उत्तरेचा बर्फ वर्षागणिक कमी होत गेला. पाणी उशिरा गोठतं, त्यामुळे देवमासे जास्त दिवस थांबू शकतात आणि खाण्यासाठी आणखी वर जाऊ शकतात. जितकं वर जावं तितकी परतीची वाट लांब. २००३-०४ मध्ये अलास्काच्या उत्तर टोकाजवळ समुद्रात ठेवलेल्या यंत्रांनी ऐन हिवाळ्यातही करड्या देवमाशांचे आवाज टिपले. म्हणजे काहींनी त्या वर्षी वारीच केली नाही.

मग बर्फ कमी झाला तर खायला जास्त दिवस मिळतात, हे चांगलंच नाही का? सुरुवातीला तसं होतंही. वसंतात बर्फ फार असला की माद्यांना चराईच्या जागी वेळेवर पोचता येत नाही आणि पुढच्या वर्षी पिल्लं कमी होतात, हेही मोजणीतूनच दिसलं आहे. पण या देवमाशाचं ताट समुद्राच्या तळाशी आहे. तळाच्या चिखलात आपल्या जवळ्यासारखे बारीक जीव राहतात. देवमासा कुशीवर होऊन चिखल तोंडात ओढतो आणि जबड्यातल्या झालरीतून गाळून घेतो. त्या बारीक जिवांना अन्न मिळतं ते बर्फाखाली वाढणाऱ्या शेवाळातून. बर्फ वितळला की ते शेवाळ तळाशी बसतं. बर्फच राहिला नाही तर तळाला खत कुठून मिळणार? चिरिकोव्ह नावाच्या भागात हे जीव खूप होते. तिथे ते घटत गेल्याचं १९८० च्या दशकापासून दिसत आलं आहे. खायला दिवस वाढले, पण ताटातलं कमी झालं.

त्याचा परिणाम मोजणीत उतरला. शिकार थांबल्यावर देवमासे वाढत गेले होते. १९९४ मध्ये अमेरिकेने त्यांना धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढलं. २०१५-१६ मध्ये ते सुमारे २७,००० होते. मग २०१८ च्या डिसेंबरपासून मेलेले, हडकलेले देवमासे किनाऱ्याला लागू लागले. २०२३ पर्यंत मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडा मिळून असे ६९० सापडले. काही भुकेले देवमासे वाट सोडून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत शिरू लागले आणि तिथे जहाजांची धडक बसून मेले. २०२५ च्या मोजणीत देवमासे सुमारे १३,००० भरले. १९७० च्या दशकानंतर इतके कमी कधीच नव्हते. त्या वर्षी उत्तरेला परतणारी पिल्लं अंदाजे ८५ होती. पिल्लांची मोजणी १९९४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासूनचा हा सर्वांत कमी आकडा.

आधीचा घात शिकाऱ्यांनी केला होता. कायदा झाला आणि तो थांबला. आताच्या घाताला एक जहाज नाही, एक कप्तान नाही. कोळसा, पेट्रोल, डिझेल जगभर जळतंय, आणि त्यात ज्यांनी जास्त जाळलं त्यांचा वाटा मोठा आहे. तरी एक फरक आहे. स्कॅमनच्या वेळी खाड्या ओस पडल्या तेव्हा रोजची मोजणी करायला कोणी बसलं नव्हतं. या वेळी वही आहे. ‘देवमासे उशिरा येतात’ असं नुसतं म्हटलं तर कोणी ऐकणार नाही. ‘८ ची १५ जानेवारी झाली’ म्हटलं की ऐकावं लागतं.

आपल्याकडे पाऊस पुढे गेला, मोहर लवकर गळला, विहीर आधी आटली, असं आपण बैठकीत बोलतो आणि विसरतो. तारीख मात्र लिहीत नाही. गटाच्या इतिवृत्त वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखता येतील: पहिला पाऊस, आंब्याचा पहिला मोहर, विहिरीने तळ दाखवला तो दिवस, आणि टँकर आला ती तारीख. बैठकीच्या दिवशी सचिव ताईंनी दोन मिनिटं काढली की झालं. पहिली काही वर्षं त्यातून काही कळणार नाही. पण दहा वर्षांनी ग्रामसभेत पाण्याचा विषय निघेल, तेव्हा गटाकडे दाखवायला तारखा असतील.

पुढच्या बैठकीला वही आणायला विसरू नका.