अंगठा, ओळख आणि ओळखपत्र

'ओळख' हा मराठीतला अतिशय घरगुती शब्द आहे. ओळख होते, वाढते, विसरते, आणि कधी कधी जुनी ओळख नव्याने निघते. ती नेहमी दोन्ही बाजूंची असते. तुम्ही मला ओळखता आणि मी तुम्हाला, तेव्हाच आपली ओळख आहे असे म्हणता येते. त्याच शब्दाला 'पत्र' जोडून आपण जो शब्द केला तो मात्र एकाच दिशेने चालतो. ओळखपत्र मागणाऱ्याला आपली ओळख द्यावी लागत नाही. ही दिशा कशी आणि कधी बदलली, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जव्हार तालुक्यातील दाभोसा हे गाव बाहेरच्यांना लेंडी नदीवरील धबधब्यामुळे ठाऊक आहे. जव्हार-मोखाड्याचा हा सारा प्रदेश वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी या जमातींचा. जव्हारचे मुकणे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे ठाणे जिल्हा, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्हा. माणसे होती तिथेच राहिली, कागदांवरचे मथळे तेवढे बदलत गेले. भाताची कापणी आटोपली, दिवाळी झाली की इथली अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. पाड्यावर प्रत्येकाला नावाने आणि कुळाने ओळखणारी माणसे असतात, भट्टीवर ती नसतात. ओळख संपते तिथे कागद सुरू होतो; आणि ज्याला सही येत नाही त्याच्या कागदाखाली अंगठा असतो. आपल्या शिकलेल्या समाजाने अशा माणसासाठी 'अंगठेबहाद्दर' हा शब्द घडवला. त्यातला उपहास आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्या अंगठ्यालाही इतिहास आहे, हे आपल्या लक्षात येत नाही.

हा इतिहास बंगालमध्ये सुरू होतो. १८५८ मध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या कंपनीच्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या खडीचा करार लिहून घेतला आणि त्यावर त्याच्या पंजाचा ठसा उमटवला. पुढे करार नाकारण्याची त्याला छाती होऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे आरंभापासून हा ठसा अविश्वासातून जन्मलेला आहे. कलकत्त्यात १८९७ मध्ये ठशांचे कार्यालय उभे राहिले. ठशांचे वर्गीकरण एडवर्ड हेन्रीच्या नावाने जगभर गेले. ते प्रत्यक्षात घडवणारे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन भारतीय साहाय्यक मात्र मागे राहिले. ओळखीचे शास्त्र रचणाऱ्यांचीच ओळख पुसली जावी, हा या कथेतला पहिला विरोधाभास.

सावकाराच्या वहीत अंगठ्याचा अर्थ आणखी वेगळा होता. जव्हारच्या शेजारच्या डहाणू-उंबरगाव भागात लग्नासाठी कर्ज काढणारा वारली 'लग्नगडी' होऊन धन्याच्या घरी राबत असे. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) हे पुस्तक १९४५ च्या वारली उठावाचा अनुभव सांगते. साहित्याच्या विद्यार्थ्याने ते कागदाच्या अंगानेही वाचावे. जे वाचता येत नाही त्याखाली ठसा उमटवणे, हा तिथल्या गुलामगिरीचा विधी होता.

याच ठशाला जाहीर विरोध प्रथम झाला तो परदेशी भूमीवर. हेन्रीला १९०० मध्ये जोहान्सबर्गची पोलीस व्यवस्था उभारण्यासाठी पाठवले होते. पुढे १९०६ साली ट्रान्सव्हाल सरकारने वटहुकूम आणला. त्यानुसार प्रत्येक आशियाई रहिवाशाने नोंदणी करायची, दहाही बोटांचे ठसे द्यायचे, आणि पोलीस मागेल तिथे दाखला दाखवायचा. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमधील सभेने हा कायदा न पाळण्याची शपथ घेतली. सत्याग्रहाचा उगम आपण सहसा मिठाशी किंवा निळीशी जोडतो. वस्तुतः तो ओळखपत्राच्या नकारात आहे.

पण प्रसंग इतका सरळ नाही. जानेवारी १९०८ मध्ये गांधींनी स्मट्सशी तडजोड केली: सक्ती जाईल, आणि लोक स्वेच्छेने नोंदणी करतील. १० फेब्रुवारीला ते स्वतः नोंदणीला निघाले, तेव्हा मीर आलम या पठाणाने त्यांना वाटेत मारहाण केली. काल जो ठसा अपमान होता तो आज सन्मान कसा झाला, हे त्याला उमगेना. गांधींच्या लेखी फरक स्वेच्छेचा होता. मीर आलमच्या लेखी ठसा तो ठसाच. सरकारने शब्द पाळला नाही, आणि १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक दाखले जाळले गेले. स्वेच्छेने दिलेली ओळखही मागणाऱ्याच्या हाती जाताच सक्तीची होऊ शकते, हे त्या आगीने सांगितले.

हिंदुस्थानात मात्र अशी होळी झाली नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला. नोंदलेल्या जमातीतील माणसाचा ठसा केव्हाही घेता येत असे. हजेरी द्यावी लागे. वसाहतीबाहेर जायला पास लागे. इथे कागद गुन्हा झाल्यावर येत नव्हता, जन्मासोबत येत होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तरी लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) वाचताना जाणवते, की कायदा गेला तरी विचारणाऱ्याचा सूर गेला नव्हता. 'कुठला रे तू?' हा प्रश्न गावकरी विचारतो तेव्हा ओळख सुरू होते. पोलीस विचारतो तेव्हा तपास.

स्वतंत्र भारताचे पहिले आधार कार्ड महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले. त्यामागचे आश्वासन खोटे नव्हते. कागद नसलेल्याला रेशन नाही, दाखला नाही, घरकुल नाही, हे जव्हारच्या कातकऱ्याला कोणी शिकवायला नको. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या जनमन योजनेत कातकऱ्यांसारख्या जमातींना प्रथम कागदच मिळवून द्यावे लागले, यावरून उणीव किती खोल होती ते कळते. म्हणून कागदाला सरसकट नकार देणे ही ज्याच्याकडे कागद आहे त्याची चैन आहे.

परंतु हा कागद जे देतो त्याची सीमाही कायद्यानेच आखली आहे. २०१६ च्या आधार कायद्याचे नववे कलम सांगते, की हा क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये एका जामीन अर्जावर हेच बजावले. परकीय नागरिक कायद्यात १९४६ पासून आपण परके नाही हे सिद्ध करण्याचा भार माणसावर आहे. २०२५ च्या नव्या कायद्यानेही तो तिथेच ठेवला. त्याचा अर्थ जून २०२५ मध्ये दिसला. मुंबई परिसरात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशाच्या हद्दीत ढकलले गेले, आणि ते भारतीयच असल्याचे निष्पन्न झाल्यावर परत आणावे लागले. त्यांचा दोष एवढाच, की ते कामासाठी आपल्या ओळखीच्या मुलुखाबाहेर आले होते आणि त्यांची बोली इथल्या कानाला परकी होती. आसामची अंतिम नागरिक यादी ३१ ऑगस्ट २०१९ रोजी लागली. १९ लाखांहून अधिक माणसे तिच्याबाहेर राहिली. विमुक्त दिनाचीच ती तारीख, हा केवळ योगायोग. पण विचार करायला लावणारा.

मग दुसरी वाट आहे का? ती आपल्याच कायद्यात, आणि दाभोशासारख्या गावांसाठीच लिहिलेली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनुसार दाव्याचा पुरावा म्हणून घर, विहीर, दफनभूमी, देवस्थान यांच्या खुणा चालतात. आणि दावेदाराव्यतिरिक्त अन्य ज्येष्ठांचे लेखी उतरवलेले कथनही चालते. दावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो. म्हणजे वेशीवरचा वाघोबा आणि पाड्यावरची म्हातारी, दोघेही साक्षीदार. अंमलबजावणीत हजार अडचणी असतील, पण तत्त्व क्रांतिकारक आहे. 'हा आमचा' असे सांगणाऱ्या शेजाऱ्याच्या शब्दाला इथे राज्याने पुरावा मानले.

मौखिक परंपरेवर आपण वर्गात पुष्कळ बोलतो; ओवी, लोककथा, विधिगीते शिकवतो. त्या परंपरेचा सर्वांत गंभीर उपयोग हा आहे: एका माणसाने दुसऱ्याची ग्वाही देणे. ओळखपत्रे राहतील, आणि ती हवीतही. प्रश्न एवढाच, की अंगठा यंत्रावर उमटला नाही, कार्ड भट्टीवर हरवले किंवा बोली परकी वाटली, तर त्या माणसासाठी 'मी याला ओळखतो' असे म्हणणाऱ्याचे कोणी ऐकणार आहे की नाही.