हजीऱ्याचा गॅस आणि आमचा बंब

शाळेत मी तीस वर्षे इतिहास शिकवला. तापीच्या मुखाशी सुवाळीच्या बंदरात १६१२ साली इंग्रजांनी पोर्तुगीज आरमाराला मागे रेटले, शिवाजीमहाराजांनी १६६४ आणि १६७० साली सुरतेवर छापे घातले, हे सारे सनावळीसकट पोरांकडून पाठ करून घेतले. सुवाळीच्या शेजारचे हजीरा मात्र क्रमिक पुस्तकात कधी आले नाही. ते आमच्या नवापुरात आले मजुरीच्या वाटेने. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात बोलणे सुरू झाले, की हजीऱ्याला मोठे काम निघाले आहे, खोदाई आहे, रोजी बरी आहे. माणसे सुरत-भुसावळ पॅसेंजरने जाऊ लागली. पुढे त्यांच्याच तोंडून कळले, की समुद्राखालून गॅस येणार आहे. आमच्या सासूबाईंनी तेव्हा विचारले, "मग आपल्याकडे कधी येणार?" प्रश्न भाबडा नव्हता. बाईंच्या घरात दिवसाला तीन वेळा जाळ लागत असे आणि जाळ म्हणजे काय हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते.

ज्या वाचकांच्या घरी भिंतीतून पिवळी नळी आत येते त्यांना हा विषय किरकोळ वाटेल. पण घरात उष्णता कशाची आणायची हा निर्णय जगातल्या प्रत्येक घराने कधी ना कधी घेतला आहे. थंड देशांत तो खोली उबदार ठेवण्यासाठी, आपल्याकडे स्वयंपाक आणि आंघोळीच्या पाण्यासाठी. नवापूर हे सीमेवरचे गाव. स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात नि अर्धा गुजरातेत. त्यामुळे हा निर्णय दोन राज्यांच्या कारभारात कसा सापडला हे आम्हांला जवळून दिसले.

मी १९७८ साली या घरी आले तेव्हा न्हाणीच्या बाहेर तांब्याचा बंब होता. नव्या पिढीसाठी सांगते: बंब म्हणजे उभे तांब्याचे पिंप, त्याच्या पोटातून आरपार जाणारी नळी, तळाशी जाळी आणि एका अंगाला तोटी. नळीत वरून सरपण टाकायचे, राख खाली पडते, नळीभोवतीचे पाणी तापते. युक्ती उत्तम आहे. उघड्या चुलीवर हंडा ठेवला तर जाळ तिन्ही बाजूंनी वाया जातो, इथे तो पाण्याच्या मधोमध कोंडलेला असतो. पण बंबाला सरपण बारीक लागते. नळीत मावेल एवढ्या ढलप्या, पऱ्हाट्या, जुन्या करवंट्या, नाहीतर गोवरीचे तुकडे. म्हणजे लाकूड विकत आणून भागत नाही, ते फोडावे लागते, पावसाळ्यापूर्वी वाळवून माळ्यावर रचावे लागते. सात माणसांच्या आंघोळी उरकेपर्यंत सासूबाई बंबापाशीच. दिवाळीत नरकचतुर्दशीला पहाटे तीनलाच बंब पेटे. अभ्यंगाचा थाट सगळ्यांच्या आठवणीत असतो. बंब पेटवणारी बाई स्वतः सर्वांत शेवटी, बहुधा कोमट पाण्याने न्हात असे, ते मात्र आठवणींच्या लेखांत येत नाही.

आमच्याकडे सरपणाला तोटा नव्हता, असे बाहेरचे लोक समजत. डांगचे आणि सातपुड्याचे जंगल जवळ, गावात लाकडाच्या वखारी. आदिवासी बाया पहाटे डोक्यावर मोळ्या घेऊन येत, काहीजणी गाडीत चढून पलीकडच्या व्यारा-सोनगडलाही विकायला नेत. त्या बाईने सहा कोस चालून आणलेली मोळी आमच्या दारात घासाघीस करून घेतली जाई. वखारीतला लाकडाचा भुसा फुकटासारखा मिळे. तो भुशाच्या शेगडीत मधोमध बाटली उभी धरून ठासून भरायचा, मग बाटली अलगद काढायची. त्या भोकातून जाळ चांगला तास-दीड तास मंद चालतो. घासलेटचा वातीचा स्टोव्ह चहापुरता. घासलेट रेशनवर आणि रेशनकार्ड एका राज्याचे दुसऱ्या राज्यात चालत नसे. बाजारच्या दिवशी काळ्या बाजारात डबा मिळायचा, तो कुठल्या राज्यातला हे कुणी विचारत नसे.

एवढे पर्याय होते, तरी घराने त्यांतून 'निवड' केली असे मला म्हणवत नाही. पुरुषांनी पैशाचा हिशेब केला. लाकूड स्वस्त, म्हणून लाकूड. धुराचा आणि वेळेचा हिशेब कुणी मांडलाच नाही, कारण तो ज्यांच्या खात्यावर पडत होता त्यांच्याकडे वही नव्हती.

आता हजीऱ्याकडे वळू. १९७४ साली 'सागर सम्राट' या तरत्या मंचाने मुंबई हायला तेल शोधले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्याच सुमारास वसईच्या समोर समुद्रात गॅसचे मोठे क्षेत्र सापडले. तेल जहाजात भरता येते, गॅसला नळी लागते. दक्षिण वसई क्षेत्रातून समुद्राच्या तळावरून दोनशे किलोमीटरहून लांब नळी टाकून तो गॅस हजीऱ्याला किनाऱ्यावर आणला. हा गॅस 'आंबट', म्हणजे त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, विषारी आणि लोखंड खाणारा. हजीऱ्याला तो आधी धुऊन 'गोड' करतात, मग त्यातले जड घटक वेगळे काढतात. हलका मिथेन नळीने पुढे जातो. प्रोपेन आणि ब्युटेन दाबाखाली द्रवरूप होतात, ते सिलिंडरचे इंधन. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९८४ च्या ऑगस्टमध्ये सरकारने गॅससाठी स्वतंत्र कंपनी काढली, ती 'गेल'. तिचे पहिले मोठे काम म्हणजे हजीरा-बिजापूर-जगदीशपूर नळी, शाखांसह सुमारे सतराशे किलोमीटर. (हे बिजापूर म्हणजे आदिलशाहीचे विजापूर नव्हे. मध्य प्रदेशात गुना जिल्ह्यातले बिजयपूर. माझ्या विद्यार्थ्यांचा हा घोटाळा हमखास व्हायचा.) ही नळी हजीऱ्याहून निघाली ती उत्तरेकडे. वाटेत खतांचे कारखाने, बिजयपूरला, आंवल्याला, जगदीशपूरला. वीजकेंद्रे, राजस्थानात अंत्याला, उत्तर प्रदेशात औरैयाला. हजीऱ्यालाच कृभकोचा युरियाचा कारखाना १९८६ पासून चालू झाला, शेजारी कवासला वीजकेंद्र आले, मग पोलादाचा कारखाना आला. त्या युरियाची पोती आमच्या स्टेशनावर उतरत. म्हणजे हजीऱ्याचा गॅस आमच्या शेतात पोचला, चुलीत नाही.

यात कुणाची दुष्टबुद्धी होती असे मी म्हणणार नाही. देशाला धान्य हवे होते, युरिया परदेशातून आणावा लागत होता. गॅस पहिल्यांदा खताला आणि विजेला, हा क्रम त्या काळी समजण्यासारखा होता. शिवाय मोठ्या दाबाच्या नळीला भोक पाडून शेजारच्या गावाला गॅस देता येत नाही. दाब उतरवणारी स्टेशने, गावभर जाळे, घरोघरी मीटर, हा सारा खर्च कुणीतरी भरावा लागतो. इथेच हवामान आडवे येते. हॉलंडात १९५९ साली ग्रोनिंगेन प्रांतात गॅस सापडला आणि दहाएक वर्षांत देशभर घरोघरी नळ्या गेल्या. उत्तर समुद्राचा गॅस आल्यावर ब्रिटनने १९६७ ते १९७७ या काळात घराघरांतल्या शेगड्या बदलून दिल्या. तिकडच्या घराला सहा महिने खोल्या तापवाव्या लागतात, एकेक घर भरपूर गॅस घेते, नळीचा खर्च निघतो. आपले घर दोन वेळचा स्वयंपाक करते आणि दहा-पंधरा घनमीटरांत महिना भागवते. मग कंपनी आधी जाते कुठे? सुरतेच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसांकडे. घरे मागाहून. नव्वदच्या दशकात सुरतेच्या वसाहतींत नळ्या पसरू लागल्या, त्या या क्रमानेच.

आणि नळीचा गॅस आपल्याला नवा होता असेही नाही. मुंबईत १८६५ च्या ऑक्टोबरात रस्त्यावर गॅसचे दिवे लागले, तो कोळशापासून केलेला गॅस होता. दक्षिण मुंबईच्या काही घरांत तो स्वयंपाकालाही जळत असे. माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस केल्याची नोंद सापडते. बडोद्यालाही नळीचा गॅस सत्तरच्या दशकात आला होता. शहराला नळी मिळत होती, प्रश्न नेहमी शहराबाहेरच्यांचा होता.

शहरात असूनही बाहेरचे असलेले लोक होते. माझी नणंद उधन्याला राहत असे, यजमान यंत्रमागावर. खानदेशातली हजारो कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत आहेत. संध्याकाळी त्या गल्ल्यांतून गेलात तर गुजरातीपेक्षा अहिराणी जास्त कानावर येते. हजीरा तिथून तासाभराच्या आत. यजमानांच्या नात्यातला एकजण तिकडे कामावर होता. रात्रपाळीला तो कारखान्याच्या उंच चिमणीवर जळणारी ज्योत बघे, जादा गॅस जाळून टाकतात ती. घरी येऊन सांगे, "वहिनी, तिठे इतली आग फुकट जळस!" आणि वहिनी इकडे दहा बाय दहाच्या खोलीत घासलेटचा पंप स्टोव्ह मारत बसलेली. सिलिंडर मागावा तर राहत्या पत्त्याचा पुरावा हवा. खोली भाड्याची, भाडेपावती नाही, रेशनकार्ड गावचे. ताईंनी अकरा वर्षे स्टोव्हवर काढली. त्या काळात बायका स्टोव्हने भाजल्याच्या बातम्या रोज असत. त्यांतल्या किती अपघाताच्या आणि किती दुसऱ्या कशाच्या, हा वेगळा लेख होईल.

आम्ही १९८५ साली सिलिंडरसाठी नंबर लावला. तो १९९१ मध्ये लागला. सिलिंडर हा प्रकार आपल्याकडे जुना, पंचावन्न साली मुंबईत 'बर्शेन' नावाने आला. पण मालच कमी, म्हणून रांग. ती रांग हलू लागली याचे एक कारण उरण आणि हजीरा इथे समुद्रातल्या गॅसमधून प्रोपेन-ब्युटेन निघू लागले हे होते. मघाशी लक्षात ठेवा म्हटले ते हे. हजीऱ्याचा हलका गॅस नळीने उत्तरेला गेला आणि जड गॅस लोखंडी बाटलीत बसून ट्रकने गावोगाव फिरला. सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर अखेर आले, ते सहा वर्षांनी, चौदा किलो दोनशे ग्रॅम.

मधल्या काळात सरकारने आणखी दोन वाटा सुचवल्या होत्या. १९८१ पासून गोबरगॅसची राष्ट्रीय योजना, १९८३ पासून निर्धूर चुलींची. गोबरगॅसला दावणीला चार-पाच जनावरे आणि रोज पाणी हवे, गावातल्या नोकरदाराला ते कुठून? निर्धूर चुलीचे धुराडे दोन पावसाळ्यांत काजळीने बुजले आणि साफ करायचे कुणी, यावर घरात वाद झाला. पुढचे सांगायला नको.

गॅस आला तो स्वयंपाकापुरता. पाणी बंबावरच. 'सिलिंडर काय पाणी तापवायला आहे का?' हे वाक्य त्या काळी घरोघर ऐकू येई. सासूबाईंनी आयुष्यात विडी-तंबाखूला हात लावला नाही, पण डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून पहिला प्रश्न केला तो बिडीचाच. दुसरा केला चुलीचा. त्या १९९८ साली गेल्या. शेवटची दोन वर्षे त्यांना न्हाणीपर्यंत चालतानाही धाप लागे आणि तरी बंब दुसऱ्या कुणी पेटवलेला त्यांना चालत नसे.

आता काळ पुष्कळ बदलला. २०१४ साली केंद्र सरकारने देशी गॅसच्या वाटपात घरगुती नळीला पहिला मान दिला, म्हणजे जुना क्रम उलटा झाला. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गरीब घरांना सिलिंडर मिळाले. तो पुन्हा भरून आणणे परवडते की नाही, हे मोळीवालीच्या नातीला विचारावे. हजीऱ्याला २००५ पासून परदेशातून उणे १६२ अंशांवर द्रव केलेला गॅस जहाजाने येतो, ज्या समुद्रातून आपला गॅस निघाला त्याच समुद्रातून. आणि हॉलंडात जमीन हादरू लागल्यामुळे ग्रोनिंगेनचे क्षेत्र २०२४ मध्ये कायमचे बंद झाले. आता डच माणूस नळीच्या गॅसशिवाय घर कसे तापवावे याचा विचार करतो आहे. आमच्या गल्लीत नळी आलेली नाही, म्हणजे आम्ही त्याच्याच रांगेत.

गेल्या वर्षी न्हाणी नव्याने बांधताना मुलगा, सून आणि मी यांच्यात हाच वाद झाला. मी कागद घेऊन बसले. वीस लिटरची बादली वीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायला पाचशे किलोकॅलरी लागतात. लाकडाची चौथाई उष्णता पाण्याला लागते असे धरले, तर बंबात अर्ध्या किलोहून जास्त लाकूड. गॅसच्या गिझरवर साठेक ग्रॅम, म्हणजे एका सिलिंडरमध्ये अडीचशेच्या आसपास बादल्या. विजेवर पाऊण युनिटाच्या आत, पण आमच्याकडे वीज नेमकी सकाळी जाते. छतावर सौर बंब सर्वांत स्वस्त पडतो, पावसाळ्याचे चार महिने सोडून. मुलाला गॅस गिझर न्हाणीतच हवा होता, नळ लगेच गरम येतो म्हणून. मी नाही म्हटले. बंद न्हाणीत गॅस जळताना प्राणवायू कमी पडला तर कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला ना वास ना रंग, आणि माणूस आंघोळीतच बसल्या जागी जातो. दरवर्षी हिवाळ्यात अशी बातमी येतेच. शिवाय सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. एका घरात एका बाईची छाती धुराने गेलेली मी पाहिली आहे. न दिसणाऱ्या धुरासाठी दुसरी मी देणार नव्हते.

सुनेने माझी बाजू घेतली. गिझर मागच्या पडवीत, उघड्यावर, जिथे बंब होता त्याच भिंतीला बसला. सिलिंडर त्याच्या बाजूला, मोकळ्यावर. फिटर कुरकुरला, नळी लांब पडते, गरम पाणी यायला वेळ लागेल म्हणाला. लागतो खरा. आधी दोन तांबे गार येतात, ते आम्ही जाईला घालतो.