आठ ग्लास पाण्याची कुळकथा

शाळेतल्या आरोग्याच्या तक्त्यावर, दवाखान्याच्या भिंतीवर, सकाळी मोबाइलवर येणाऱ्या सुप्रभाताच्या चित्रात एक सल्ला हमखास भेटतो: रोज किमान आठ ग्लास पाणी प्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2011 साली भारतीयांसाठी काढलेल्या आहारसूत्रांतही हा आकडा आहे: आठ ग्लास, म्हणजे साधारण दोन लिटर. आपल्या जुन्या वैद्यकाला मात्र असा ठरीव आकडा मान्य नव्हता. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात पाण्याचा विचार ऋतूच्या अंगाने येतो, आणि शरद व ग्रीष्म हे दोन ऋतू सोडले तर निरोगी माणसानेही पाणी बेतानेच प्यावे असे त्याचे मत आहे. मग हे आठ ग्लास आले कुठून?

या प्रश्नाचा नेटाने पाठपुरावा केला हाइन्झ व्हाल्टिन यांनी. अमेरिकेतल्या डार्टमथ वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी आयुष्यभर मूत्रपिंडाचे शरीरशास्त्र शिकवले होते. निरोगी, बसून काम करणाऱ्या, समशीतोष्ण हवेत राहणाऱ्या प्रौढ माणसाने दिवसाला आठ औंसांचे आठ ग्लास पाणी प्यायलाच हवे, असे सिद्ध करणारा एखादा अभ्यास कुठे आहे का, हे त्यांनी निवृत्तीनंतर धुंडाळले. आठ औंस म्हणजे सुमारे 237 मिलिलिटर, त्यामुळे आठ ग्लासांचे होतात 1.9 लिटर. 2002 साली अमेरिकेच्या शरीरशास्त्रविषयक नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष मांडला: असा पुरावा सापडत नाही. पण शोधाच्या वाटेवर या नियमाची दोन संभाव्य मुळे त्यांच्या हाती लागली.

पहिले मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले. सैनिकांना आणि नागरिकांना कशाची किती गरज आहे हे ठरवण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने अन्न व पोषण मंडळ नेमले होते. प्रथिने, लोह, जीवनसत्त्वे यांची रोजची प्रमाणे हे मंडळ जाहीर करी. 1945 च्या आवृत्तीत पाण्याचाही मजकूर आला. प्रौढाला बहुतेक वेळा दिवसाला अडीच लिटर पाणी योग्य, आणि ढोबळ हिशेब म्हणजे अन्नाच्या दर कॅलरीमागे एक मिलिलिटर. अडीच हजार कॅलरी खाणाऱ्याला अडीच लिटर, इतके ते सोपे होते. त्याच्या लगेच पुढे मंडळाने स्पष्ट केले होते की यातले बहुतेक पाणी शिजवलेल्या अन्नातूनच मिळते.

नियमाचे नशीब फिरले ते इथे. अडीच लिटर लोकांच्या लक्षात राहिले आणि पुढचा खुलासा गळून पडला. आपल्या ताटाकडे पाहिले तर त्या खुलाशाचे मोल कळते. शिजलेल्या भाताच्या वजनात जवळजवळ सत्तर टक्के पाणी असते. त्यावर वरण किंवा आमटी, बाजूला काकडीची कोशिंबीर, शेवटी ताक. काकडीत तर 95 टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. शिवाय अन्नाचे ज्वलन होताना शरीर स्वतः दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी तयार करते.

दुसरे मूळ 1974 चे. हार्वर्ड विद्यापीठात पोषणशास्त्राचा विभाग उभा करणारे फ्रेडरिक स्टेअर यांनी एका सहलेखिकेबरोबर सामान्य वाचकासाठी पुस्तक लिहिले. त्यात दिवसाला सहा ते आठ ग्लास असा सल्ला होता, आणि या ग्लासांत चहा, कॉफी, दूध, शीतपेये सारे धरले होते. फळे आणि भाज्या हेही पाण्याचे चांगले साठे आहेत, याची आठवण त्यांनी करून दिली होती. इथेही तेच झाले. ‘सहा ते’ गेले, चहा-दूध गेले, फळेभाज्या गेल्या. उरले आठ ग्लास आणि तेही निव्वळ पाण्याचे. पुढे बाटलीबंद पाण्याचा धंदा जगभर वाढला आणि या सुटसुटीत आकड्याला जाहिरातीचे बळ मिळाले.

ज्या शास्त्राच्या नावाने हा आकडा फिरला, ते शास्त्र मात्र वेगळे सांगत होते. केंब्रिजचे अर्नेस्ट व्हर्नी यांनी 1947 साली आपले प्रयोग मांडले. रक्तातले क्षार किंचित दाट झाले की मेंदूला ते कळते आणि मूत्रपिंडांना पाणी राखण्याचा निरोप देणारे संप्रेरक सुटते. हा दाटपणा एक-दोन टक्क्यांनी वाढला तरी यंत्रणा हलते, आणि पाठोपाठ तहान लागते. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला 99 टक्के रक्तात परत घेतात. पाणी कमी पडले तर लघवी दाट करतात, जास्त झाले तर पातळ. इतकी चोख व्यवस्था अंगात असताना निरोगी माणसाने ग्लास मोजत बसण्याचे कारण नाही.

सर्वांना एकच आकडा लागू पडत नाही, हे आता मोजूनही दिसले आहे. 2022 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात 23 देशांतल्या 5604 लोकांचा अभ्यास आला, त्यात आठ दिवसांच्या बाळापासून 96 वर्षांच्या वृद्धांपर्यंत सारे होते. पाण्यातल्या हायड्रोजनच्या जड रूपाचा माग काढून शरीरातून रोज किती पाणी जाते-येते हे संशोधकांनी तपासले. वय, शरीराचा बांधा, अंगमेहनत, हवेतली उष्णता आणि दमटपणा यांप्रमाणे ते खूप बदलत होते. अतिरेकही निरुपद्रवी नाही. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या 488 धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा 13 टक्के जणांत सोडियम कमी झालेले आढळले. शर्यतीत वजन वाढण्याइतके पाणी व पेये पिणे हे त्याचे मोठे कारण होते. असे सोडियम फार उतरले तर जीवही जातो.

म्हणून पाण्याची आठवण करून देणे सोडावे का? मुळीच नाही, कारण काही माणसांत आणि काही स्थितींत तहान मागे पडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या वाळवंटात एडवर्ड अडॉल्फ यांनी सैनिकांवर प्रयोग केले. कडक उन्हात चालणारी माणसे पाणी जवळ असूनही घामाच्या मानाने कमी पीत आणि जेवणाच्या वेळी ती तूट भरून काढत. सैनिकाला कमी पाण्याची सवय लावता येते हा लष्करी समजही त्यांनी खोडून काढला: पाणी कमी दिल्याने घाम कमी होत नाही, माणूस लवकर खचतो. वय वाढते तशी तहान मंदावते, म्हणून घरातल्या वृद्धांना उन्हाळ्यात पाणी विचारावेच लागते. मुतखडा होऊन गेलेल्यांना भरपूर पाण्याचा खरा उपयोग होतो. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या पाच वर्षांच्या अभ्यासात जास्त पाणी पिणाऱ्यांपैकी 12 टक्क्यांना खडा पुन्हा झाला, इतरांपैकी 27 टक्क्यांना. उलट हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होत असलेल्या रुग्णाला डॉक्टर पाणी मोजून देतात. त्याने भिंतीवरचा आठाचा सल्ला पाळणे धोक्याचे आहे.

आणि एक मोठा समूह असा आहे, ज्याची तहान शाबूत आहे, ग्लासांचा आकडा पाठ आहे, तरी तो पाणी पीत नाही. सकाळी घराबाहेर पडलेली बाई दिवसभर पाणी पिणे टाळते, कारण वाटेत, बाजारात, कामाच्या जागी तिला जाता येईल असे स्वच्छतागृह नसते. शाळेतल्या मुली घरून आणलेली बाटली भरलेलीच परत नेतात. मुंबईत 2011 पासून ‘राइट टू पी’ ही मोहीम स्त्रियांसाठी मोफत, स्वच्छ, सुरक्षित मुताऱ्यांची मागणी करते आहे, ती याचसाठी. हा निव्वळ सोयीचा मामला नव्हे. ज्यांना वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होई आणि ज्या पाणी कमी पीत, अशा 140 स्त्रियांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. रोज दीड लिटर जादा पाणी पिणाऱ्यांना वर्षभरात सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा.

आठ ग्लासांच्या नियमाने पाण्याची सारी जबाबदारी पिणाऱ्याच्या डोक्यावर टाकली. 1945 च्या मंडळाने हिशेब मांडला होता तो अन्न आणि पाणी पुरवणाऱ्यांसाठी. तो व्यक्तीच्या शिस्तीचा प्रश्न होऊन बसला. केरळमध्ये 2019 साली शाळांतून दिवसात ठरावीक वेळा ‘वॉटर बेल’ वाजू लागली, तेव्हा तो पुन्हा योग्य जागी गेला, कारण तिथे मुलांना पाणी पिण्यासाठी संस्थेने वेळ राखून ठेवला. त्या घंटेला चालू स्थितीतल्या, आतून कडी लागणाऱ्या स्वच्छतागृहाची जोड हवी. उसाच्या फडात, बांधकामावर, पोलीस बंदोबस्तात, एसटीच्या थांब्यावर हेच हवे. निरोगी माणसाने तहान लागली की प्यावे, उन्हात राबताना तहानेच्या थोडे आधी प्यावे, लघवी गडद पिवळी दिसली तर जास्त प्यावे. एवढे त्याने करावे. प्यायला पाणी आणि नंतर जायला जागा देणे हे शाळेचे, मालकाचे आणि नगरपालिकेचे काम आहे, आणि आकडा मोजायचाच असेल तर तो त्यांच्या कामाचा मोजावा.